कोटेशनमधले शब्द: वाचनालयाचा दिवाळी अंक वेबवर आणण्याआधी

नमस्कार.

तुमच्या प्रश्नातून मला जे समजले ते आधी मांडतो. तालुक्याच्या गावातले जुने वाचनालय आहे, १९९२ पासून दर वर्षी दिवाळी अंक निघतो, आणि आता कार्यकारिणीने अंक इंटरनेटवर आणायचे ठरवले आहे. ओळखीतल्या एका वेबसाईट करणाऱ्याने ३८,५०० रुपयांचे कोटेशन दिले. त्यात डोमेन, होस्टिंग, एसएसएल, सीएमएस, रिस्पॉन्सिव्ह डिझाइन, एसईओ आणि वार्षिक मेंटेनन्स अशा सात ओळी आहेत. या शब्दांचे अर्थ काय, यातले खरोखर काय लागते, आणि सगळे अंक पीडीएफ करून टाकले तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे.

मी वीसेक वर्षे वाचनालये, शाळा, नाट्यमंडळे आणि सहकारी संस्था यांच्या वेबसाईट करतो आहे. त्याआधी सहा वर्षे एका छापखान्यात डीटीपी केले, म्हणजे संगणकावर छपाईची पाने मांडली, पेजमेकर आणि श्रीलिपी या सॉफ्टवेअरवर. त्यामुळे तुमच्याकडे असलेल्या जुन्या फायली कशा असतील याचा मला बराच अंदाज आहे, आणि उत्तराचा मोठा भाग तिकडेच जाणार आहे.

शब्द अवघड नाहीत. अडचण अशी आहे की कार्यकारिणी तीन-पाच वर्षांनी बदलते, वेबसाईट करणारा गाव सोडून जातो, सेवा देणाऱ्या कंपन्या बंद होतात. याहूची जिओसिटीज ही फुकट जागा एके काळी लाखो लोक वापरत होते, २००९ मध्ये ती बंद झाली आणि तिथली पाने गेली. मग दहा वर्षांनी वाचनालयाच्या हातात काय उरायला हवे? माझ्या मते दोनच गोष्टी: वेबसाईटचे नाव आणि अंकांचा मजकूर. बाकी सगळे भाड्याचे असते आणि बदलता येते. कोटेशनमधल्या प्रत्येक ओळीपुढे हा एक प्रश्न लिहून ठेवा: हे आमचे की भाड्याचे?

डोमेन म्हणजे वेबसाईटचे नाव, तुमच्या बाबतीत वाचनालयाचे नाव आणि पुढे डॉट इन किंवा डॉट ऑर्ग. इंटरनेटवरचे संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. ते आकडे माणसाच्या लक्षात राहणारे नसतात, म्हणून १९८३ मध्ये डीएनएस ही व्यवस्था आली. वाचकाने नाव टाइप केले की त्याचा ब्राउझर डीएनएसला विचारतो, 'या नावाचा आकडा कोणता?', आणि मिळालेल्या आकड्यावर जाऊन पान मागतो. या व्यवस्थेमुळेच तुम्ही उद्या होस्टिंगची कंपनी बदलली तरी नाव तेच राहते, फक्त नावापुढचा आकडा बदलायचा. हा बदल सगळीकडे पोचायला काही तास, कधी एक-दोन दिवस लागतात, कारण जागोजागचे संगणक जुने उत्तर थोडा वेळ जपून ठेवतात. त्या काळात कोणाला जुनी वेबसाईट दिसली आणि कोणाला नवी, तर घाबरू नका.

डोमेन कायमचे विकत मिळत नाही. ते नोंदवता येते, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी, आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे लागते. डॉट इन नावांची मूळ नोंदवही निक्सी ही संस्था सांभाळते, आपण तिच्या अधिकृत विक्रेत्यांकडून, म्हणजे रजिस्ट्रारकडून, नाव नोंदवतो. पहिल्या वर्षाचा भाव स्वस्त दाखवतात, तेव्हा दुसऱ्या वर्षापासूनचा भाव आधी विचारा.

इथे माझी एक चूक सांगतो, कारण ती तुमच्याकडे होऊ नये असे मनापासून वाटते. एका संस्थेची वेबसाईट मी केली. नाव आधीच एका उत्साही कार्यकर्त्याने स्वतःच्या ईमेलवरून नोंदवलेले होते आणि मी त्याबद्दल काही विचारले नाही. पुढे तो नोकरीसाठी परदेशी गेला, तो ईमेल वापरणे सुटले, नूतनीकरणाच्या सूचना कोणी वाचल्या नाहीत. मुदत संपली, सवलतीचे दिवसही गेले, आणि दुसऱ्याच कोणी तरी ते नाव घेतले. संस्थेच्या लेटरहेडवर, दोन विशेषांकांच्या मलपृष्ठांवर ते छापलेले होते. परत मिळाले नाही. तेव्हापासून मी कामाला हात लावण्याआधी नोंदणी संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर आणि संस्थेच्या पावतीवर करून घेतो. ओटीपी कोणाच्या फोनवर येतो हेही पाहतो. तो फोन एका माणसाचा असतो आणि माणूस पद सोडतो, म्हणून कार्यभार सोपवताना शिक्के आणि चेकबुकाबरोबर हा नंबर बदलण्याचे कामही यादीत घ्या.

नाव देवनागरीतही घेता येते. २०१४ पासून डॉट भारत देवनागरीत मिळते आणि मराठीसाठी ते खुले आहे. मला ते आवडते, पण मुख्य नाव म्हणून मी अजून डॉट इनच सुचवतो. संगणकांच्या आपसातल्या व्यवहारात देवनागरी नाव रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपातच जाते, काही ठिकाणी तेच रूप वाचकापुढे येते, आणि असा ईमेल पत्ता बरेच ऑनलाइन अर्ज नाकारतात. पैसे असतील तर दोन्ही घ्या आणि देवनागरी नाव मुख्य नावाकडे वळवा.

होस्टिंग म्हणजे तुमची पाने ज्या संगणकावर राहतील त्याचे भाडे. तो संगणक, म्हणजे सर्व्हर, दिवसरात्र चालू असतो आणि मागणाऱ्याला पान देतो. लहान संस्थांना शेअर्ड होस्टिंग पुरते. त्यात एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाईट नांदतात आणि भाडे त्यामुळे कमी पडते. कोटेशनमध्ये 'अनलिमिटेड स्पेस'साठी जास्त पैसे लावले आहेत, त्याबद्दल एक हिशेब करू. युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. तीन हजार शब्दांची कथा म्हणजे साधारण वीस हजार चिन्हे, म्हणजे ६० केबीच्या आसपास. एका अंकात २५ लेख धरले आणि ३० अंक धरले, तर ७५० लेखांचे ४५ एमबी होतात. हल्लीच्या फोनने काढलेल्या दहा-बारा फोटोंइतके. तीस वर्षांचे तुमचे साहित्य इतक्या जागेत मावते! मुखपृष्ठे आणि चित्रे धरली तरी सर्वांत लहान योजना पुरेल. फक्त चित्रे फोनमधून आली तशी चढवू नका, रुंदी १,२०० पिक्सेलपर्यंत आणि वजन २०० केबीच्या आत आणा, नाहीतर खेड्यात कमी रेंजवर वाचणाऱ्याचे पान उघडतच नाही.

एसएसएल या ओळीला तुमच्या कोटेशनमध्ये वर्षाला ३,००० रुपये लावले आहेत. वेबसाईटच्या पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस दिसते, त्यातला शेवटचा एस सर्व्हरवर बसवलेल्या या प्रमाणपत्रामुळे येतो. वाचकाचा ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला मजकूर वाटेत कोणी वाचू किंवा बदलू शकत नाही, एवढे काम तो करतो. तो लागतोच, कारण २०१८ पासून क्रोम ब्राउझर अशा प्रमाणपत्राविना चालणाऱ्या वेबसाईटपुढे 'सुरक्षित नाही' असे लिहितो. पण लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा २०१५ पासून ही प्रमाणपत्रे फुकट देते आणि बहुतेक होस्टिंगवाले ती आपोआप बसवून नव्या करत राहतात. वाचनालयाला विकतचे प्रमाणपत्र घेण्याचे मला तरी कारण दिसत नाही. आणि एक लक्षात घ्या, ते असले म्हणजे वेबसाईट हॅक होणार नाही असा त्याचा अर्थ नाही. ते फक्त वाट सांभाळते, घर नाही.

आता सीएमएस. वेबचे पान मुळात एचटीएमएलमध्ये लिहिलेले असते. ही साधी मजकुराची फाईल असते आणि तिच्यात खुणा असतात: हा मथळा, हा परिच्छेद, हे चित्र, हा दुवा. १९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत पहिली वेबसाईट सुरू केली तेव्हाही पान असेच होते, आजही पाया तोच आहे. पान दिसायला कसे असावे, अक्षर केवढे, रंग कोणता, हे सीएसएस नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये लिहितात. छापखान्याच्या भाषेत सांगायचे तर एचटीएमएल म्हणजे मुद्रणप्रत आणि सीएसएस म्हणजे तिच्या समासात लिहिलेल्या टाइप आणि मांडणीच्या सूचना. सीएमएस हे सॉफ्टवेअर आपल्याला खुणा न शिकता पान लिहू देते. मजकूर ते डेटाबेसमध्ये ठेवते आणि वाचकाने मागितला की त्याचे पान बनवून देते.

वर्डप्रेस हे त्यातले सर्वाधिक वापरले जाणारे. २००३ मध्ये आले, सॉफ्टवेअर मोफत आहे आणि मराठीतही उपलब्ध आहे. त्याच्या नावाबद्दल घोटाळा होतो. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून ते सॉफ्टवेअर उतरवून स्वतःच्या होस्टिंगवर बसवता येते. वर्डप्रेस डॉट कॉम ही एका कंपनीची तयार सेवा आहे, तिथे होस्टिंगही तिचेच. तुमच्या कोटेशनमध्ये पहिला प्रकार आहे. 'सीएमएस लायसन्स' म्हणून पैसे लावले असतील तर विचारा. बसवण्याचे आणि शिकवण्याचे पैसे घेणे योग्य आहे, सॉफ्टवेअरचे पैसे नसतात. वेबसाईटचे रूप ठरवणारा साचा म्हणजे थीम, आणि जादा सोयीसाठी जोडलेले सॉफ्टवेअर म्हणजे प्लगिन. प्लगिन जितके कमी तितके बरे. हॅक झालेल्या ज्या वर्डप्रेस वेबसाईट माझ्याकडे दुरुस्तीला आल्या, त्यातल्या बहुतेकांमध्ये कित्येक महिने अद्ययावत न केलेले एखादे प्लगिन सापडले.

वर्डप्रेस घ्यावे का? हे तुमच्याकडच्या माणसांवर अवलंबून आहे. महिन्यातून एकदा आत जाऊन अपडेट पाहणारी दोन माणसे असतील, आणि अंकाशिवाय कार्यक्रमांच्या सूचना, नव्या पुस्तकांच्या याद्याही टाकायच्या असतील, तर घ्या. तशी माणसे नसतील तर मी स्थिर वेबसाईट सुचवेन, म्हणजे तयार एचटीएमएल पानेच सर्व्हरवर ठेवायची. दिवाळी अंक एकदा प्रसिद्ध झाला की बदलत नाही, त्याला डेटाबेसची गरज नाही, आणि ज्यात चालणारे सॉफ्टवेअरच नाही त्यात बिघडायलाही फार काही नसते. अगदीच पैसे नसतील तर गूगलच्या ब्लॉगरला तुमचे स्वतःचे डोमेन जोडता येते, मग खर्च फक्त डोमेनचा. ती जागा दुसऱ्याची आहे हे ध्यानात ठेवून मजकुराची प्रत स्वतःकडे ठेवायची, एवढीच अट.

रिस्पॉन्सिव्ह म्हणजे पान वाचकाच्या पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला जुळवून घेते. आजच्या कुठल्याही बऱ्या थीममध्ये ते असतेच, त्यासाठी वेगळी ओळ नको. मराठीसाठी मात्र तुमच्या माणसाला दोन गोष्टी मुद्दाम सांगा. एक, ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवायला. आपल्याकडे वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, इंग्रजीच्या मापाचे अंतर ठेवले की 'र्की' आणि 'ष्टू' एकमेकांना टेकतात. दोन, पानाच्या भाषेची खूण 'मराठी' अशी लावायला. ती लावली आणि फाँटमध्ये सोय असली तर 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयाने हीच वळणे ठरवून दिली आहेत. फाँट विकत घ्यायची गरज नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट करणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फाँट किंवा गूगलचा 'नोटो', हे खुल्या परवान्याचे आहेत.

आता पीडीएफबद्दल. हाच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे असे मला वाटते.

पीडीएफ हे छापील पानाचे हुबेहूब चित्र असते. मुखपृष्ठ, मांडणी, जुन्या जाहिराती जपायला ते उत्तम, आणि जतन म्हणून प्रत्येक अंकाची पीडीएफ जरूर ठेवा. पण वाचण्यासाठी तेवढेच ठेवले तर दोन स्तंभांचे पान फोनवर बोटाने सरकवत वाचावे लागते. दोनशे पानांतली एक कथा मित्राला पाठवायची तर सगळा अंक पाठवावा लागतो. आणि गावातून मुंबईला गेलेला माणूस स्वतःच्या वडिलांचे नाव शोधेल तेव्हा त्यांची तुमच्या अंकातली कविता बहुतेक सापडणार नाही. स्कॅन केलेल्या पानात शोधण्याजोगी अक्षरेच नसतात. आणि डीटीपीतून थेट काढलेल्या पीडीएफमध्येही नसतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

याचे कारण जुन्या फाँटांत आहे. १९९० च्या दशकात मराठी डीटीपी चालायचे ते फाँटच्या युक्तीवर. संगणक मनात इंग्रजी अक्षरच साठवायचा, फाँट फक्त त्याच्या जागी देवनागरी आकार दाखवायचा. कृतिदेव या फाँटमध्ये इंग्रजी 'डी'च्या खणात 'क'चा आकार बसवलेला असतो. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, प्रत्येकाची खणांची वाटणी वेगळी. कागदावर छापायचे तोवर काहीच बिघडत नव्हते. पण ती फाईल फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की निरर्थक रोमन अक्षरांची माळ दिसते, आणि सर्च इंजिनला कायमच तशी दिसते.

युनिकोडने हा गोंधळ मुळातून संपवला. त्यात 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो जगभरातल्या प्रत्येक संगणकावर, प्रत्येक फाँटमध्ये तोच आहे. देवनागरीला त्यात १२८ क्रमांकांचा स्वतंत्र विभाग आहे. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये आला की तो खऱ्या अर्थाने तुमचा झाला. कोणतेही सॉफ्टवेअर, कोणताही फाँट, कोणतेही होस्टिंग चालेल.

जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर मिळतात, पण ते वापरून झाल्यावर मुद्रितशोधन चुकवता येत नाही. चुका कुठे होतात ते ठरलेले आहे. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात, कारण उच्चार तसा आहे. रफाराचे उलट: जुन्या फाँटात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. कन्व्हर्टरला ही उलटापालट करावी लागते आणि जोडाक्षर लांब असले की तो चुकतो. 'व्यक्तिस्वातंत्र्य', 'मूर्तिकार', 'वार्षिक' अशा शब्दांवर नजर ठेवा. दुसरी जागा म्हणजे मराठीतला अर्धा र. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' दिलेली दक्षिणा आणि 'आचाऱ्यांना' दिलेला पगार वेगळा. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले कन्व्हर्टर हा फरक पुसून टाकतात. तिसरी जागा 'ॲ'ची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये स्वतंत्रपणे आले, त्याआधीच्या मजकुरात 'अ'वर चंद्र ठेवून काम भागवलेले असते. दोन्ही दिसायला सारखे, पण संगणकाला वेगळे, म्हणून शोधताना एक सापडते आणि दुसरे राहते. काम सुरू करतानाच एक पद्धत ठरवा आणि शेवटी शोधून-बदलून सगळीकडे तीच करा.

तुमचे पहिले तीन-चार अंक खिळे जुळवून छापलेले आहेत असे तुम्ही लिहिले आहे. ते स्कॅन करून ओसीआर करावे लागतील, म्हणजे चित्रातून अक्षरे ओळखून घ्यावी लागतील. गूगल ड्राइव्ह आणि टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर, दोन्हींना मराठी येते. ३०० डीपीआयला स्कॅन करा, पान सरळ ठेवा. झिजलेल्या खिळ्यांचे अनुस्वार आणि 'घ-ध', 'भ-म' या जोड्या डोळ्यांत तेल घालून तपासा. माझ्या अनुभवात सव्वाशे पानांचा अंक दोन माणसांना पंधरा-वीस दिवस पुरतो, रोज थोडा वेळ दिला तर. तुमच्याकडे निवृत्त शिक्षक वाचक आहेत, हे काम त्यांच्याइतके चांगले कोणतीही कंपनी करणार नाही. कोटेशनमधून वाचलेले पैसे इथे मानधनाला लावा.

पानाचा पत्ता, ज्याला यूआरएल म्हणतात, तो वाचनालयाच्या माणसाला एका वाक्यात कळेल: तो पुस्तकाचा दाखल क्रमांक आहे. पुस्तक एका कपाटातून दुसऱ्यात गेले तरी दाखल क्रमांक बदलत नाही, तसा एकदा दिलेला पत्ता बदलायचा नाही, कारण तो लोकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो, कोणी कुठे दुवा दिलेला असतो. बदलला की वाचकाला ४०४ हा आकडा दिसतो, म्हणजे असे पान इथे नाही. नाइलाजाने बदलावाच लागला तर ३०१ नावाचे कायमचे वळण लावायला सांगा, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप नव्यावर पोचेल.

वर्डप्रेस लेखाच्या मथळ्यावरून हा पत्ता स्वतः बनवते, आणि तिथे मराठीची एक खास अडचण आहे. पत्त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह आतून ९ रोमन चिन्हांत लिहिले जाते, आणि वर्डप्रेस या तुकड्याला २०० चिन्हांची मर्यादा घालते. म्हणजे काना-मात्रा धरून साधारण २२ चिन्हांनंतर मथळा कापला जातो. 'नदीकाठच्या आठवणींतले जुने दिवस' हा पत्ता 'जुन' इथेच तुटतो. शिवाय तोच पत्ता कॉपी करून पाठवला की टक्क्यांच्या खुणांची दोन-तीन ओळींची माळ होते आणि लोकांना ती संशयास्पद वाटते. मी अंकांसाठी वर्ष आणि लेखाचा क्रमांक एवढाच पत्ता ठेवतो, २००७ च्या अंकातला १४ वा लेख म्हणजे २००७ आणि पुढे १४. दाखल क्रमांकाइतका रुक्ष आहे, पण पुढे कधीही बदलावा लागत नाही.

एसईओ म्हणजे सर्च इंजिनला आपली पाने नीट कळावीत म्हणून केलेली तजवीज. गूगलमध्ये पहिले आणून देतो अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, तशी ओळ असेल तर काढून टाका. तुमच्या अंकाला पुरेल एवढे असे: मजकूर युनिकोडमध्ये, प्रत्येक लेख स्वतंत्र पानावर, पानाच्या शीर्षकात लेखाचे आणि लेखकाचे नाव, लेखकाचे नाव सगळ्या अंकांत एकाच पद्धतीने लिहिलेले, आणि सगळ्या पानांची यादी असलेला साइटमॅप गूगलच्या सर्च कन्सोल या वेबसाईटवाल्यांसाठीच्या सेवेत दिलेला. पाने शोधात यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात.

तुम्ही विचारलेले नाही, पण आठव्या ओळीसारखे मी सुचवतो: लेखकांची परवानगी. आपल्याकडे साहित्यकृतीवरचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असतो. १९९२ नंतरच्या बहुतेक सगळ्या लेखनाला तो लागू आहे. छापील अंकासाठी दिलेला लेख वेबसाठीही आपोआप दिला असे गृहीत धरू नका. एक साधे पत्र करा, त्यात वाचनालयाच्या वेबसाईटवर प्रसिद्ध करण्याची परवानगी आणि बाकी हक्क लेखकाकडेच राहतील असे लिहा, सही घ्या. लेखक हयात नसतील तर वारसांकडे जा. माझा अनुभव असा की वारस फार आनंदाने देतात, आणि कित्येकदा जुना फोटोही काढून देतात. जुन्या अंकांत लेखाखाली लेखकांचे घरचे पत्ते आणि फोन नंबर छापायची पद्धत होती, ते वेबवर टाकताना वगळा.

उरले मेंटेनन्स. वर्षाला १२,००० देताना त्यात काय काय आहे ते लेखी घ्या: अपडेट किती दिवसांनी, बॅकअप किती दिवसांनी आणि कुठे, काही बिघडले तर किती दिवसांत दुरुस्त. बॅकअप म्हणजे डेटाबेस आणि चित्रे दोन्हींची प्रत, आणि ती त्याच सर्व्हरवर ठेवून उपयोग नाही. एक प्रत वाचनालयाच्या कपाटातल्या हार्डडिस्कवर, एक गावाबाहेर कुठे तरी. वर्षातून एकदा ती प्रत दुसरीकडे उघडून बघा. न उघडता जपलेला बॅकअप ऐन वेळी रिकामा निघालेला मी पाहिला आहे.

तर तुमच्या कोटेशनवर मी पेन्सिल घेऊन बसलो तर डोमेन ठेवीन पण वाचनालयाच्या नावावर, होस्टिंगची लहानात लहान योजना घेईन, एसएसएल आणि रिस्पॉन्सिव्हच्या ओळी खोडीन, वर्डप्रेस की स्थिर पाने ते तुमच्या दोन माणसांना विचारून ठरवीन, एसईओचे पैसे मजकूर युनिकोडमध्ये आणण्याकडे वळवीन. वेबसाईट करणाऱ्याशी भांडू नका. कोटेशनचे असे तयार साचे सगळीकडे फिरतात, तुम्ही नेमके विचारले की तो बहुधा नीट सांगेल.

सुरुवात सगळ्या अंकांनी करू नका. सर्वांत अलीकडचा अंक घ्या, त्याची फाईल स्वच्छ असेल आणि लेखकही भेटतील. तो नीट उभा राहिला की मागे मागे जा.

आणि मला एक कळवा. तुमच्या छापखान्याकडून आलेल्या पेजमेकरच्या फायलींमध्ये कोणता फाँट वापरला आहे? मजकुरावर कर्सर ठेवून टाइपच्या मेनूत फाँटचे नाव दिसेल, पुढचा आकडाही लिहून घ्या, कारण एकाच घराण्यातल्या दोन फाँटांची खणांची वाटणी कधी कधी वेगळी असते. शक्य असेल तर वेलांट्या, रफार आणि 'ऱ्या' असलेला एक परिच्छेद आणि त्याच्या छापील पानाचा फोटो पाठवा. कोणता कन्व्हर्टर कमी चुका करतो ते मी त्यावर चालवून पाहतो.